पडद्याआडचं पाणी

घरात लहान मुलानं पाण्याचा पेला उचलला की मी हातातलं काम टाकून त्याच्या गळ्याकडे बघत बसते. घोट उतरला का, दुसरा उतरला का, आणि पेला रिकामा झाला तो पोटात गेला म्हणून की बेसिनमध्ये. नातवंडं वैतागतात. "आजी, स्टॉप वॉचिंग मी," असं थोरली सरळ तोंडावर सांगते. मुलगा म्हणतो, आईला बहरीनचं ऊन बाधलंय. ऊन नव्हे, बहरीनमधला एक पडदा बाधलाय. पण ते मी घरात कधी सांगितलेलं नाही.

मंडळाच्या अंकासाठी "आखातातल्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा" असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आखातातून आलेल्या बाईकडून लोकांना सोन्याच्या आणि एअरकंडिशनरच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडे आहेत त्या भीतीच्या. मी मुळातच भित्री. लहानपणी गुहागरला विहिरीत डोकावतानासुद्धा मी आईचा पदर धरायची. अशा बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना न घाबरण्याचं शिक्षण दिलं, याचं मला अजून हसू येतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. शरीर अडलेल्या माणसाला जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून युक्त्या शोधणं हा माझा धंदा. मुंबईच्या इस्पितळात काही वर्षं काढली आणि सत्तरचं दशक संपता संपता ह्यांच्यामागून बहरीनला गेले. हे सित्र्याच्या एका कंपनीत हिशेबनीस होते. मला मनामात अपंग मुलांच्या एका छोट्या केंद्रात काम मिळालं. दोन-तीन वर्षांत तिथल्या मुख्याध्यापिकेनं, तिला सगळे मुदीरा म्हणत, माझ्यावर नवीन काम टाकलं. साध्या शाळांतल्या शिक्षिका वर्षभरासाठी आमच्याकडे येणार, आणि आजारी, अपंग मुलांना वर्गात कसं सांभाळायचं ते मी त्यांना शिकवायचं. तिथे शिक्षिकेला "अबला" म्हणतात. मला पहिल्याच दिवशी सगळ्या जणी अबला म्हणू लागल्या, तेव्हा यांना माझा स्वभाव इतक्या लवकर कसा कळला, असं वाटून गेलं.

आलेल्या शिक्षिका हुशार होत्या, मुलांना जीव लावणाऱ्या होत्या, आणि मुलांना हात लावायला घाबरत होत्या. उचलताना हाड मोडेल, भरवताना ठसका लागेल, फिट आली तर आपल्या हातात जाईल. ही भीती खोटी नव्हती. म्हणून मी ती घालवायच्या भानगडीत पडले नाही. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढंच शिकवायचं ठरवलं.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना पाठीवर झोपवून, मान मागे टाकून दुसरीकडून चमच्यानं खीर भरवून घ्यायची. तोंडात खीर, मान मागे, आणि गिळणं आपल्या ताब्यात नाही. एक थोराड बाई धडपडत उठून बसली आणि रडायला लागली. पाच वर्षं ती स्वतःच्या पुतण्याला असंच भरवत होती. त्यानंतर मुलाला टेकवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवा, हे मला तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

फिट येणाऱ्या मुलाच्या तोंडात काही घालू नका, नाकाला काही लावू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा, हे मी फळ्यावर ठळक लिहायची. आणि एकदा भर वर्गात एका मुलाला खरोखरच फिट आली, तेव्हा माझा हात माझ्या नकळत पायातल्या चपलेकडे गेला. गुहागरचं रक्त. नशिबानं कोणाचं लक्ष नव्हतं, सगळ्या जणी घड्याळ बघत होत्या.

या साऱ्या जणींत एक होती मरियम. मुहर्रकची, तिशीच्या आतली. आजोबा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जात असत, त्यामुळे घरात थोडं हिंदी होतं. माझं अरबी मोडकं, तिचं हिंदी मोडकं, उरलेलं इंग्रजीवर भागवायचो. मी इतक्या जणींना शिकवलं, पण उचलताना ज्यांत मुलाचं वजनच हलकं होतं असे हात फक्त तिचे पाहिले. ती आधी मुलाशी बोलायची, मग हात लावायची. वर्ष संपलं की तिला केंद्रातच कायम घ्यायचं, असं मुदीरानं जवळजवळ ठरवलं होतं, आणि मरियमला आयुष्यात दुसरं काहीच नको होतं. मला तसं तिनं अनेकदा सांगितलं होतं.

तिच्या वर्गात जहरा होती. दहा वर्षांची, काटकुळी, शुद्धलेखनात पहिली. तिला सिकल सेल होता. हा आजार आपल्याकडे नंदुरबार-गडचिरोलीकडे आहे, तसा बहरीनमध्येही घरोघर आढळतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकून बसतात. मग हाडं अशी ठणकतात की मोठी माणसं गुरासारखी ओरडतात. छातीत अडकल्या तर जिवावर बेततं. अशा मुलांना थंडी वाजू द्यायची नाही, फार दमवायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकल्याच म्हणून समजा. जहराला दर तासाला एक पेला पाणी, आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एक खूण. तक्त्याच्या वर माझ्याच अक्षरात नियम होता: पाणी आपल्या डोळ्यांसमोर प्यायला लावायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रमजान भर उन्हाळ्यात आला. सकाळी आठलाच गाडीच्या दाराची मूठ हाताला चटका देत होती. केंद्र दुपारी लवकर सुटायचं. मुलांपैकी बहुतेकांना रोजे नव्हते, आजाऱ्याला माफी असतेच. शिक्षिका मात्र सगळ्या रोज्यात. पहिल्या दिवशी मी वर्गात गेले, तर जहरा घटाघटा पाणी पीत होती आणि समोर मरियम उभी. ओठ सुकून पांढरे पडलेले. क्षणभर तिनं मान वळवली, इतकंच. पण मला ते बघवलं नाही.

आमच्या घरी आईचा निर्जळी उपास असला की आम्ही पोरं जेवणाची ताटं घेऊन मागच्या पडवीत जात असू. उपास करणाऱ्याच्या समोर खाऊ-पिऊ नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. मी केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर शांताराम, हाही आमच्या गुहागरकडचाच, त्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आत वर्गाच्या कोपऱ्यातल्या बेसिनपुढे दोरी बांधून एक जाड निळा पडदा लावायला सांगितला. पाण्याची सुरई आणि पेले पडद्याआड ठेवले. मुलांनी आत जायचं, पाणी पिऊन बाहेर यायचं.

मरियमनं पाहिलं आणि हसून म्हणाली, "मिस सुधा, गरज नाही याची. पाणी समोर असू दे. समोर असताना प्यायचं नाही, तोच तर रोजा."

मी म्हटलं, असू दे गं. परक्या धर्माची असून मी केवढं जाणते, असं मला मनातून वाटत होतं. आपल्याच अक्षरातला नियम भिंतीवर होता, त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. खोटं कशाला बोलू, गेलं होतं. महिन्याभराचाच तर प्रश्न आहे, असं म्हणून मी नजर काढून घेतली.

चार दिवस तक्ता खुणांनी भरून गेला. मरियम वेळेवर हाक मारायची, जहरा आत जायची, रिकामा पेला आणून दाखवायची.

पडदा लागल्याच्या पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास मरियमनं मला शेजारच्या खोलीतून बोलावलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. जहरानं पेन्सिल खाली ठेवली होती आणि दोन्ही हातांनी मांडी धरून बसली होती. डोळे पिवळे. मरियमनं शिकवल्याप्रमाणे एकेक बघितलं होतं: ओठ कोरडे, अंग तापलेलं, श्वास आखूड. "छातीत दुखतं म्हणते," ती मला म्हणाली. छातीतलं दुखणं म्हणजे काय, ते मीच त्यांना फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं, आणि आता त्या चित्रापलीकडे मला काही सुचत नव्हतं. पाणी प्यायलीस ना, असं मी जहराला विचारलं. तिनं मान डोलावली. तक्त्यावर त्या दिवशीच्या तिन्ही खुणा होत्या.

रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा आमची गाडी बरी, असं मरियमच म्हणाली. शांतारामनं गाडी दाराशी आणली. "बाई, पोरीला मधी धरा," तो म्हणाला, "मी आज हळू चालवनार नाय." मागच्या सीटवर मरियमच्या मांडीवर जहराचं डोकं, आणि मी पायांशी. गाडीतला एअरकंडिशनर घरघरत होता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. प्रत्येक श्वासागणिक पोर कण्हत होती. दोन कण्हण्यांच्या मध्ये जरा जास्त वेळ गेला की मी वाकून तिच्या छातीकडे बघायची.

मग जहरा मरियमला म्हणाली, "अबला, रागावू नकोस. मी रोज्यात आहे. पाच दिवस. एकही मोडला नाही."

तिच्या आतेबहिणींनी नववं वर्ष लागल्यापासून रोजे धरले होते आणि हिला "तू अजून बाळच" म्हणून चिडवलं होतं. घरी आजी समोर बसून पाणी पाजायची, तेव्हा ही तोंडात धरून नंतर थुंकायची. केंद्रात तर सोपंच होतं. पडद्याआड जायचं, पेला बेसिनमध्ये ओतायचा आणि हसत बाहेर यायचं. हे सांगताना त्या पोरीच्या सुकलेल्या चेहऱ्यावर अभिमान होता. तो अभिमान मी विसरू शकलेले नाही.

शांतारामनं मान न वळवता आपला पाण्याचा थर्मास मागे दिला. मरियमनं झाकणात पाणी ओतून जहराच्या ओठांना लावलं. जहरानं तोंड घट्ट मिटलं. अजून सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली नाही, म्हणाली. मरियमनं समजावलं, देवानं आजाऱ्याला माफी दिली आहे म्हणून सांगितलं, दटावलं. पोर मानच हलवत राहिली. भरवण्याचे, गिळवण्याचे सगळे प्रकार मी शिकवत असे, पण जे मूल पाणी प्यायचंच नाही म्हणतं त्याला कसं पाजायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

मरियमनं ते झाकण स्वतःच्या तोंडाला लावलं आणि सगळं पाणी प्यायली. पुन्हा भरलं.

"बघ," ती म्हणाली, "माझाही सुटला. राहिलेले रोजे आपण दोघी नंतर एकत्र भरून काढू. यल्ला, चल."

जहरा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. इस्पितळ येईपर्यंत मरियम एक घोट स्वतः घ्यायची आणि एक तिला द्यायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या गळ्याकडे बघायची. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, आणि कोणाला शिकवता येईल असंही मला वाटत नाही.

पुढचे तीन दिवस जहरा अतिदक्षता विभागात होती. त्या तीन दिवसांत मी घरात स्वयंपाक काय केला, केला की नाही, मला आठवत नाही. टेलिफोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे ऐकू येऊ नये. चौथ्या दिवशी ती धोक्यातून बाहेर आली. मात्र उजव्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटला होता, तो सांधा पुढे झिजत गेला. डॉक्टर म्हणाले, या आजारात हे कधी ना कधी झालंच नसतं असं सांगता येत नाही. या वाक्याला मी कितीतरी वर्षं धरून बसले. पण त्यातून काही मिळत नाही.

मग चौकशी झाली. मुदीराच्या खोलीत ती, जहराचे वडील, मरियम आणि मी. वडील मासेमारी करणारे, हिद्दकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मुदीरानं तक्ता टेबलावर ठेवला. त्याच टेबलावर माझ्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद सहीसाठी पडलेला होता. ह्यांच्या कंपनीनं महिन्यापूर्वीच यांची जागा कमी केली होती. यापुढे आम्हा तिघांचा बहरीनमधला मुक्काम माझ्या व्हिसावर होता, मुलगा सातवीत होता.

"नियम स्पष्ट लिहिलेला आहे," मुदीरा म्हणाली. "मग हा पडदा कोणी लावला?"

मी त्या कागदाकडे बघितलं. मी बोलणार होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

"मी लावला," मरियम म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात मी तिचा हात धरला. का म्हणालीस असं, एवढंच विचारू शकले. ती दमलेली दिसत होती.

"तू माझ्यासाठी लावलास ना? मग माझाच तो," ती म्हणाली. "आणि मला इथून कोण कुठे पाठवणार? माझं घर इथेच आहे. तुला परत जावं लागलं असतं. पुढच्या वर्षी मला पुन्हा घेतील, इंशाल्ला."

मुदीराच्या खोलीचं दार तिथून पंधरा पावलांवर होतं. मी ती पावलं मोजली आहेत, त्या दिवशी नाही, नंतर कितीतरी वेळा. दुपारी घरी सोडताना शांताराम आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, मला कोनी इचारला नाय." विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते मीही विचारलं नाही. त्याच्याही व्हिसाची मुदत होती.

मरियमला अभ्यासक्रमातून काढून एका शाळेच्या ग्रंथालयात पाठवलं. पुढच्या वर्षी घेतलं नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. आजारी मुलाला हात लावण्याची तिला पुन्हा परवानगी मिळाली नाही. मी मात्र आणखी चार वर्षं शिकवत राहिले. प्रत्येक तुकडीला सांगायची, पाणी उघड्यावर ठेवा, रमजान असो नाहीतर आणखी काही. एका वर्गात एकदा एका बाईनं पडदा लावला होता, तर काय झालं ऐका. बायका श्वास रोखून ऐकायच्या. ती बाई कोण, असं कोणी विचारलं की मी म्हणायची, होती एक.

दशक संपत आलं तेव्हा आम्ही परत यायचं ठरवलं. निघायच्या आधी मी मुहर्रकला मरियमकडे गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते: उद्या मुदीराकडे जाते, सगळं खरं सांगते, आता मला व्हिसाचं भय नाही. भय नाहीसं झाल्यावरचं धैर्य, तरी तेवढं का होईना.

दार उघडलं ते जहरानं. चौदा-पंधरा वर्षांची, उंच, बगलेत काठी. संध्याकाळी ती मरियमकडे इंग्रजी शिकायला येत असे. मरियम आत कॉफी करत होती. जहरानं मला बसवलं, एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा ग्लास सावरत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पूर्ण प्या," ती म्हणाली. "अबला मरियमचा नियम आहे. रिकामा ग्लास बघून चालत नाही, पिताना बघावं लागतं."

मी पिऊ लागले. तिनं आत एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तिनं मला सांगितलंय, तो पडदा तिनं लावला होता. माफी मागितली माझी. मी केव्हाच माफ केलं तिला. तुम्हीही तिच्यावर रागावू नका."

मी ग्लास पूर्ण संपवला. मरियम कॉफी घेऊन आली, माझ्याकडे बघून काय समजायचं ते समजली, आणि खजुराची बशी माझ्यापुढे सरकवली. मुलगा कितवीत आहे, सामान बोटीनं पाठवणार का, असं बोलणं झालं. मी उठले. दुसऱ्या दिवशी मुदीराकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी आमचं विमान होतं.

जहरा, तो पडदा मी लावला होता. मरियम नको म्हणत असताना मी लावला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि तेही तुला वाचता येत नाही अशा भाषेत.